खिडकीवाले

नव्या वाहिनीच्या बांधकामावर खिडकीवाल्यांना ओळखायला कष्ट पडत नाहीत. बाकी सगळे आत बघत असतात. आर्किटेक्टचं लक्ष खांबांवर, एसीवाल्याचं छतावर, मालकांचं स्वतःची केबिन कुठे येणार यावर. एक गृहस्थ मात्र सगळ्यांकडे पाठ करून, अजून चौकटही न बसलेल्या भगदाडापाशी उभे असतात. एका हातात टेप, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये होकायंत्र. जवळ जाऊन "काय बघताय?" विचारलं, तर मान न वळवता म्हणतात, "डिसेंबरात इथे सूर्य कुठे असेल, ते बघतोय."

बाहेर मे महिना रणरणत असतो.

सकाळच्या बातम्या खऱ्या खिडकीसमोर बसूनच द्यायच्या, मागे दिसेल ते शहर खरं हवं आणि त्याच क्षणाचं हवं, या एका मतावर या माणसाने आयुष्य काढलेलं असतं. एरवी स्वभाव गरीब. बिल थकलं तरी चार महिने आठवण करत नाहीत. फक्त 'एलईडी वॉल', म्हणजे निवेदकाच्या मागे खिडकीऐवजी शहराचं तयार चित्र दाखवणारा भिंतभर पडदा, हा शब्द त्यांच्यासमोर काढू नये. 

या वेडाचं मूळ रंगभूमीत आहे. जे. जे.तून बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षं ते व्यावसायिक नाटकांचे सेट लावायचे. नाटकातला दिवाणखाना म्हणजे मधोमध सोफा, डावीकडे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे कुठेही न जाणारा जिना आणि मागे खिडकी. खिडकीबाहेर फ्लॅटवर रंगवलेला गुलमोहर. शिवाजी मंदिरात तोच गुलमोहर, दीनानाथला तोच, दौऱ्यावर सांगलीलाही टेम्पोतून तोच. पहिल्या अंकात सकाळ, दुसऱ्यात पाऊस, तिसऱ्यात मध्यरात्र. गुलमोहराचा बहर तिन्ही अंकांत कायम. पडदा हलावा म्हणून विंगेत टेबल फॅन. एका प्रयोगात नायिका खिडकीपाशी जाऊन "आभाळ भरून आलंय" म्हणाली आणि पहिल्या रांगेतलं एक पोर ठणठणीत आवाजात म्हणालं, "कुठंय?"

त्या पोराने आपल्याला मार्गाला लावलं, असं खिडकीवाले मानतात.

मालकांसमोर सादरीकरणाची वेळ आली, की ते न्यूयॉर्कपासून सुरुवात करतात. 14 जानेवारी 1952 रोजी एनबीसीचा 'टुडे' सुरू झाला, तो एकोणपन्नासाव्या रस्त्यावरच्या तळमजल्यातून. आरसीए कंपनीचं प्रदर्शनदालन होतं ते. रस्त्याच्या अंगाला भली मोठी काच, आत डेव्ह गॅरोवे बातम्या सांगतोय, बाहेर कामावर निघालेले लोक नाक काचेला टेकवून उभे. काही जण घरच्यांसाठी पाट्या घेऊन यायचे. माजी अध्यक्ष ट्रूमन सकाळचे फिरायला निघालेले याच काचेतून देशाला दिसले होते. "मंत्रालयातून बाइट आणायला आपल्याला ओबी व्हॅन लागते," खिडकीवाले आवाज खाली आणतात, "आणि तिथे राष्ट्राध्यक्ष चालत खिडकीत आले!"

मालकांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. मग कुणीतरी विचारतं, की याने कार्यक्रम चालला का? इथे खिडकीवाल्यांची पंचाईत होते, कारण माणूस सत्यवचनी. सुरुवातीला अडखळत चाललेला तो कार्यक्रम खरा उचलला 1953 मध्ये आणलेल्या एका चिंपांझीने. जे. फ्रेड मग्ज त्याचं नाव. मालक पहिल्यांदाच पुढे सरसावून बसतात आणि चिंपांझी केवढ्याला पडेल, याची चौकशी करतात.

तरी खिडकीवाले नेटाने पुढे जातात. 1965 मध्ये रंगीत प्रक्षेपणासाठी 'टुडे' काच सोडून बंद स्टुडिओत गेला. 1994 मध्ये रॉकफेलर सेंटरच्या वन-ए स्टुडिओत पुन्हा काचेशी येऊन बसला. ही मधली एकोणतीस वर्षं खिडकीवाले वनवास म्हणूनच सांगतात, स्वतः त्यात होरपळल्यासारखे. त्यानंतर 1999 मध्ये एबीसीचा 'गुड मॉर्निंग अमेरिका' टाइम्स स्क्वेअरवर खिडकी उघडून बसला, 2004 मध्ये सिडनीत मार्टिन प्लेसवर चॅनल सेव्हनने तेच केलं. लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकची गोष्ट ते राखून ठेवतात. 1988 मध्ये तिथल्या जुन्या गोदीत आयटीव्हीचा 'धिस मॉर्निंग' सुरू झाला. खिडकीबाहेर पाणी, पाण्यावर ब्रिटनचा तरंगता नकाशा, आणि हवामान सांगणारा त्या नकाशावर उड्या मारणार. स्कॉटलंडहून आयर्लंडला जायचं तर मधे समुद्र, म्हणजे उडी मोठी. पडेल का, हे बघायला अर्धा देश बसायचा.

"आपल्याकडे कोकण ते विदर्भ," खिडकीवाले म्हणतात, "पण ते पुढचं. आधी काच."

सुरक्षा अधिकारी बैठकीत असला तर तो इथे हटकून शिकागोचा दाखला देतो. 2007 च्या डिसेंबरात तिथल्या एबीसी वाहिनीच्या रस्त्यालगतच्या स्टुडिओत रात्रीच्या बातम्या चालू असताना एक गाडी येऊन काचेवर आदळली होती आणि निवेदक दचकलेला सगळ्यांनी घरबसल्या पाहिला होता. "आपण अकराव्या मजल्यावर आहोत," एवढंच खिडकीवाले म्हणतात. त्यावर अधिकाऱ्याकडे उत्तर नसतं, पण त्याची नजर जरा वेळ आकाशाकडे जाते.

खरी लढाई मात्र वास्तुवाल्याशी. त्याचं म्हणणं, स्टुडिओची काच पूर्वेला हवी, सूर्यनारायणाने समोरून प्रवेश केला पाहिजे. खिडकीवाल्यांचं म्हणणं, सूर्यनारायण समोरून आला की कॅमेऱ्याला आत दुसरं काही दिसत नाही. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड, स्टुडिओत हजारेक. साडेसातला ऊन काचेतून आत घुसलं, की बातमी देणारी मुलगी नुसती काळी आकृती उरते. ओळख लपवण्याच्या अटीवर बोलणारी साक्षीदारच जणू. मुंबईवर परमेश्वराची कृपा म्हणजे समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य इमारतीच्या पाठीशी, समोर पाणी उजळलेलं, चेहऱ्याला धक्का नाही. हे ते कागदावर बाण काढून, काडेपेटी उभी करून, टेबलावरचा दिवा फिरवून समजावतात. शेवटी तोडगा निघतो: पूर्वेची काच मालकांच्या केबिनला. सूर्यनारायणाची सोय होते, आणि मालक दुपारपर्यंत येत नसल्यामुळे कुणाची गैरसोय होत नाही.

काच बसली, की पहाट उगवते आणि सगळं मुसळ केरात जातं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास वर येतो. बुलेटिन सहाचं. बाहेर काळोख, आत झगझगाट. अशा वेळी काच ही काच राहत नाही, आरसा होते. 'मुंबई जागी होतेय' या मथळ्याखाली महाराष्ट्राला दिसतो तो फ्लोअर मॅनेजर, कान खाजवताना. मागे तीन कॅमेरे, केबलचं भेंडोळं आणि ट्रे घेऊन दबकत चाललेला चहावाला पोऱ्या. एकदा निवेदिकेने गंभीर चेहऱ्याने महागाईची बातमी दिली, आणि तिच्या पाठीमागच्या आरशात तिचा प्रॉम्प्टर उलट्या अक्षरांत सरकत होता.

यावर खिडकीवाल्यांचा उपाय तयार असतो. काच सरळ लावायचीच नाही. वरची कड आत झुकवायची, म्हणजे प्रतिबिंब जमिनीकडे जातं. जमिनीवर काळा कपडा. भिंती काळ्या. कॅमेरामन, फ्लोअर मॅनेजर, मेकअपवाल्या ताई, सगळ्यांना काळे कपडे. मुलाखतीला आलेले एक ज्येष्ठ नेते हा काळा जमाव बघून दारातच थबकले आणि पीएला हळूच म्हणाले, "निषेध आपला आहे का?"

अंधार गेला, की उजेडाचा जाच. काचेवर करड्या रंगाची फिल्म चिकटवून बाहेरचा प्रकाश चौपट-आठपट कमी करता येतो. पण सूर्य दर मिनिटाला वर चढतो आणि फिल्म आहे तिथेच असते. मधेच ढग आला, की भर दिवसा दिवेलागण. पूर्वी स्टुडिओतले दिवे पिवळे आणि बाहेरचं ऊन निळसर, तोही वेगळा तंटा होता. एलईडी दिवे आले आणि तो एक मिटला. आता खिडकीवाले पोलरायझर वापरतात. त्याचं प्रात्यक्षिक ठरलेलं आहे. स्वतःचा गॉगल काढायचा, समोरच्याचा मागायचा, एकावर एक धरून एक हळूहळू आडवा फिरवायचा. मधली दुनिया काळी पडते. तसंच एक फिल्टर काचेवर, दुसरं कॅमेऱ्याच्या भिंगावर. भिंगावरचं फिरवलं की खिडकीतलं शहर मंद होतं आणि चेहरा होता तसा राहतो. विज्ञान चोख आहे. फक्त निवेदिकेशेजारी शेअर बाजाराचे आकडे दाखवणारा एलसीडी पडदा ठेवलेला असतो, आणि त्याचाही प्रकाश आधीपासून पोलराइज्ड असतो. बाहेर सूर्य चढला, इकडे भिंगावरचं फिल्टर फिरलं आणि सेन्सेक्स काळाठिक्कर पडला. अर्थविषयक संपादकांना घरून फोन आले, बाजार बंद झाला का म्हणून.

आता कुणी म्हणेल, की खऱ्या दृश्यासाठी हट्ट धरायचा आणि मग ते तिरकं करून, गाळून, काळं फासून दाखवायचं, याला खरं कसं म्हणायचं? खिडकीवाल्यांना हा प्रश्न कळतच नाही. त्यांच्या लेखी समुद्र खरा आहे. कॅमेरा अर्धवट आंधळा आहे, त्याला हात धरून समुद्रापर्यंत न्यावं लागतं. मला विचाराल तर खिडकीने बातमी सुधारते असं काही मी पाहिलेलं नाही. बातमी देणारा मात्र थोडा सुधारतो. पाठीमागे पाऊस कोसळताना 'उकाड्याने नागरिक हैराण' हे कालचं वाक्य वाचायला जीभ धजत नाही.

शिवाय खिडकीत काय येईल, यावर संपादकांची सत्ता चालत नाही. समोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावरचे एक आजोबा रोज साडेसहाला बनियनवर सूर्यनमस्कार घालायचे. मुख्यमंत्र्यांचं निवेदन असो की सीमेवरची चकमक, निवेदिकेच्या डाव्या खांद्यावर आजोबा वाकणार आणि उठणार. लीगलवाल्यांनी त्यांच्या संमतीपत्राचा मसुदा केला. संपादकांनी खांदा उजवीकडे सरकवायला सांगितला. आणि एक दिवस आजोबा आले नाहीत. सकाळी सातपासून वाहिनीचे फोन वाजायला लागले: आजोबा बरे आहेत ना? त्या दिवशीची हेडलाइन कुणाला आठवत नाही. आजोबा नातवाच्या मुंजीला नाशिकला गेले होते, हे दुसऱ्या दिवशी बुलेटिनच्या शेवटी सांगावं लागलं. "अमेरिकेत लोक पाट्या घेऊन उभे राहायचे," खिडकीवाले म्हणाले, "इथे पाटीसुद्धा लागली नाही."

त्यांचा खरा सण म्हणजे पहिला मोठा पाऊस. त्या सकाळी खिडकीत समुद्र नाही, इमारती नाहीत, आजोबा नाहीत. नुसता राखाडी रंग आणि काचेवरून ओघळणारं पाणी. मालकांचा घरून फोन, "मागचा स्क्रीन बिघडलाय, इंजिनीअरला उठवा." हिंदमाताला गुडघाभर पाण्यात उभा असलेला बातमीदार ओरडून सांगतोय, की पाऊस पडतोय. दुसऱ्या वाहिनीवर रेल्वे ठप्प झाल्याची बातमी, आणि निवेदकाच्या मागे एलईडी वॉलवर वरळीचा सी लिंक, निळं आकाश, दोन पांढरे ढग. खिडकीवाले कंट्रोल रूममध्ये येऊन दोन्ही मॉनिटर शेजारीशेजारी लावून घेतात. बोलत काही नाहीत. चहा मागवतात, सगळ्यांना, स्वतःच्या पैशाने.

पण मुंबईत समुद्र कायमचा कुणालाच मिळत नाही. काचेसमोरच्या प्लॉटवर एक दिवस निळे पत्रे उभे राहतात, पाठोपाठ क्रेन येते. दर महिन्याला एक स्लॅब. सुरुवातीला कॅमेरा जरासा वर उचलतात, मग जरासा डावीकडे. निवेदिकेची खुर्ची सरकत सरकत दारापाशी येते. शेवटी दोन टॉवरच्या फटीत समुद्राची एक उभी पट्टी उरते आणि तिच्यापुढे नेमकी रेडी रेकनरवरची चर्चा चालते. मग मालक एलईडी वॉल मागवतात, आणि खिडकीवाले एक शब्द न बोलता आपली टेप उचलून दुसऱ्या वाहिनीच्या बांधकामावर जातात.

मागच्या महिन्यात ते मला ठाण्यापलीकडच्या एका नव्या इमारतीत भेटले. भगदाड पश्चिमेला, समोर खाडी, पलीकडे डोंगर. चेहरा खुललेला. पण अनुभवाने शहाणे झालेले. खाली उतरून आधी समोरच्या मोकळ्या प्लॉटवरच्या राखणदाराला गाठलं.

"काय रे बाबा, इथे काय होणार आहे?"

"टीव्हीवाल्यांचं हाये म्हणं, काका. मोठ्ठी काच लावत्यात. तुमच्या अंगालाच. हिकडची बिल्डिंग लई झ्याक दिसती म्हणं सकाळची."

खिडकीवाल्यांनी वर आपल्या भगदाडाकडे बघितलं, मग त्या प्लॉटकडे. खिशातून होकायंत्र काढलं, बराच वेळ ते फिरवत राहिले.

"म्हणजे त्यांचं तोंड पूर्वेला," ते म्हणाले. "सकाळी साडेसातला मरणार ते. कोण करतोय रे त्यांचं काम? नंबर आहे का त्याचा?"