माहितीसाठी सांगतो

माहितीकाकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचण्याइतका वेळ त्या दारासमोर कुणी थांबत नाही. थांबलं की दार उघडतं, आणि दार उघडलं की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

असे काका तुमच्याही ओळखीत असतील. तरुणपणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेला. पुढे कुठल्याशा कचेरीत चिकटले, परीक्षा सुटली, अभ्यास तेवढा सुटला नाही. बोलण्याची सुरुवात ठरलेली : ‘माहितीसाठी सांगतो हं.’ हे तीन शब्द कानावर पडले की जाणती माणसं घड्याळाकडे बघतात. घड्याळाकडे बघणंही धोक्याचंच. एकदा काका स्वतःच सोसायटीच्या मीटिंगला उशिरा आले. सेक्रेटरींनी मनगट पुढे केलं, तर काका म्हणाले, ‘माहितीसाठी सांगतो, १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबईनं आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ३९ मिनिटं मागे. त्या हिशेबानं मी लवकर आलोय.’ पाण्याच्या टँकरचा विषय त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

काकांची अडचण अशी, की ते कधी चुकत नाहीत. थापाड्या माणसाला हसता येतं, त्याची फिरकी घेता येते. काकांचं काय करणार? सुरुवातीला पोरं त्यांनी काही सांगितलं की लगेच मोबाइलवर शोधायची. दर वेळी काका बरोबर निघाले. मग पोरांनी शोधणं सोडलं, आणि त्याबरोबर विचारणंही. काकांकडे आता उत्तरांचा साठा आहे आणि गिऱ्हाईक नाही. म्हणून ते कुणी गुलमोहराखाली मोहरून उभं राहिलं की जवळ जातात आणि हा मादागास्करचा, असं सांगून पुढे निघतात. देवळापुढचा पांढरा चाफा मेक्सिकोकडचा, दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडचाच. ‘मग दाराला लावायचं काय?’ असं एका वहिनींनी चिडून विचारलं तेव्हा काकांचा चेहरा खुलला. कुणीतरी विचारलं होतं! ‘आंब्याचा डहाळा लावा. आंबा आपला.’

घरातही सुटका नाही. आषाढी एकादशीला काकूंनी ताट वाढलं : साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या गोड फोडी, राजगिऱ्याची वडी. काकांनी ताटाकडे नकाशाकडे बघावं तसं बघितलं. ‘साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. दाणेही तिथलेच. बटाटा पेरूकडच्या डोंगरातला. रताळं अमेरिकेचं, राजगिरा अमेरिकेचा, मिरची मेक्सिकोची. पोर्तुगीज आले नसते तर यातलं बरंचसं आपल्याकडे कधी पोचलं असतं, सांगता येत नाही.’

‘मग त्याआधी बायका उपाशी मरत होत्या?’

‘वरी होती ना. भगर!’

काकूंनी काही न बोलता ताट उचललं आणि वीस मिनिटांनी नुसती भगर आणून आदळली. मिरची नाही, दाण्याची आमटी नाही, वर मिरपूड तेवढी भुरभुरवलेली. काकांनी पहिला घास घेतला, थोडं थांबले आणि समाधानानं म्हणाले, ‘मिरी मात्र अस्सल आपली. केरळची. याच्यासाठीच तर आले ते.’

गणेशोत्सवात मुलांच्या प्रश्नमंजूषेचं काम त्यांच्याकडे यायचं. यायचं म्हणतो, कारण नंतर ते काढून घेतलं. प्रश्न साधा होता : भारतातली पहिली रेल्वे कुठे धावली? चौथीतल्या एका मुलीनं बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, असं तारखेसकट खणखणीत सांगितलं. टाळ्या पडल्या. काका म्हणाले, ‘चूक.’ मग सावकाश उलगडून सांगितलं, की बोरीबंदरची गाडी ही पहिली ‘प्रवासी’ गाडी. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, सगळं कबूल. पण रुळावरून दगड वाहायचं काम मद्रासजवळच्या रेड हिल्सला १८३७ सालीच सुरू झालं होतं. आणि गंगेच्या कालव्याचं बांधकाम चाललं होतं तेव्हा, १८५१ मध्ये, रुरकीला वाफेचं इंजिनही येऊन गेलं होतं. प्रश्नात आपण ‘प्रवासी’ म्हटलंच नव्हतं. इथवर येईतो मुलगी रडायला लागली होती, तिची आई स्टेजच्या पायऱ्या चढत होती आणि मंडळाच्या अध्यक्षांनी माइकची वायर उपटली होती. पुढच्या वर्षीपासून प्रश्नमंजूषेच्या जागी संगीत खुर्ची आली.

फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांनी मात्र काकांना नवं आयुष्य दिलं. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगात सर्वोत्तम ठरवलं, हा संदेश त्यांच्या कुळाच्या ग्रुपवर नेमानं येतो आणि काका तेवढ्याच नेमानं ‘युनेस्को असं काही ठरवत नाही’ असं उत्तर टाकतात. मोठ्या आत्या त्यावरून ग्रुप सोडून गेल्या. काकांनी त्यांना पुन्हा आत घेतलं, कारण त्या गेल्यावर ग्रुपवर खोडण्यासारखं काही येईना.

असल्या माणसाच्या मुलाचं लग्न जमवायचं, म्हणजे काकूंच्या जिवाला किती घोर असेल! मुलगी बघायला निघताना त्यांनी जिन्यातच वचन घेतलं : एक तास, एकही माहिती नाही. काकांनी पाळलं. पोहे आले, ते गप्प. पोह्यांवरच्या मिरचीकडे त्यांनी दोनदा बघितलं, पण गप्प. मुलीच्या वडिलांनी आपल्या चीनच्या सहलीचे फोटो काढले आणि म्हणाले, ‘काय ती भिंत! चंद्रावरून दिसणारी माणसाच्या हातची एकमेव वस्तू!’

काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले. काकूंनी पदराआडून त्यांच्या मनगटाला चिमटा काढला. मुलगा डोळे मिटून बसला. ‘चंद्रावरून!’ मुलीचे वडील पुन्हा म्हणाले, कारण पाहुण्यांना पुरेसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. काकांच्या गळ्यातून उचकीसारखा एक आवाज आला.

‘बाबा, नाही दिसत,’ ट्रे उचलता उचलता मुलगी म्हणाली. ‘भिंत लांब असली तरी रुंदीला एखाद्या रस्त्याएवढीच आहे. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या वर लांब. चीनचाच अंतराळवीर, यांग लिवेई, २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला. त्याला एवढ्या जवळूनही दिसली नव्हती.’

काका उठून उभे राहिले. डोळे भरून आले होते. ‘आमच्याकडून होकार,’ ते म्हणाले.

‘अहो, मुलाला विचाराल का आधी?’ काकू म्हणाल्या.

‘त्याला काय विचारायचंय? त्याला कुठे माहीत होतं!’