दिवाणखान्यातला समुद्र

वर्सोव्याच्या आमच्या एका स्नेह्यांनी हजार लिटरचा समुद्र दिवाणखान्यात आणलाय. खिडकीबाहेर अरबी समुद्र फुकट उसळतो. पण तो म्हणे घाण! म्हणून आरओच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम परदेशी मीठ कालवायचं, म्हणजे 35 किलो. एवढ्यात गावजेवणाची लोणची झाली असती. नुसत्या पाण्याचं वजन टनभर. खालच्या मजल्यावरचे काका हल्ली छताकडे बघत जेवतात. पहिला महिनाभर टाकीत मासा सोडायचा नाही, आधी जिवाणू वाढवायचे. तोवर वहिनी पाहुण्यांना कौतुकाने टाकीतले दगड दाखवतात. पुढे त्यांवर प्रवाळ लावायचा स्नेह्यांचा बेत आहे.

“दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे हो, वाघाच्या पंगतीत,” मी हळूच म्हटलं.

ते गप्प झाले आणि मासे बघायला लागले. मासे अजून यायचे होते.