अण्णा, चोर नाही सापडला, तुम्ही सापडलात

तीर्थस्वरूप अण्णांना,

पत्र खुलं लिहितोय, कारण दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या वर्गणीच्या चौदा महिन्यांच्या चौदा पावत्यांपैकी एकीचंही उत्तर बाहेर आलेलं नाही. निदान हे पत्र गल्लीत कोणीतरी वाचेल आणि तुम्हाला सांगेल.

आधी मोटरीचं बोलू. मंगळवारी सकाळी सहाला तुम्ही माझं दार बडवलंत. तोंडात ब्रश तसाच ठेवून मी बाहेर आलो. "फुटेज दाखव," एवढंच म्हणालात. ओट्यावरची अर्ध्या एचपीची मोटर रात्रीतून गेली होती. नळाला मोटर लावायची नसते, त्यामुळे पोलीस ठाण्यात जाऊन काय चोरीला गेलं हे सांगायची पंचाईत. मग राहिलो आम्ही, म्हणजे गल्लीची समिती, तुमच्या भाषेत 'रिकामटेकड्यांचं मंडळ'. "आपला कॅमेरा आहे ना खांबावर!" असं तुम्ही म्हणालात. 'आपला' हा शब्द तुमच्या तोंडून ऐकून मला भरून आलं, अण्णा. ब्रश तोंडात होता म्हणून बोलता आलं नाही.

'आपला' कॅमेरा खांबावर का आहे, आठवतं ना? तो तुमच्या भिंतीवर लागणार होता. तिथून दोन्ही टोकं दिसतात, तुमचा ओटाही दिसला असता. तुम्ही म्हणालात, "नव्या रंगाच्या भिंतीला भोक पाडू देणार नाही." एका स्क्रूचं भोक! मग आम्ही तो डीपीसमोरच्या खांबावर बसवला. तिथून डीपी दिसतो, पलीकडच्या आजींचं दार दिसतं आणि तुमचा ओटा बरोब्बर कडेला सुटतो.

तरी बसलो बघत. चहा झाला, दुसरा झाला. डीव्हीआर पुढे-मागे केला. चोर काही दिसेना. पाच वाजून बारा मिनिटांनी मात्र एक गृहस्थ दिसले. अंगात बंडी, डोक्याला मफलर, हातात निळी कॅरीबॅग. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डीपीखाली पिशवी ठेवली (फेकली नाही, ठेवली, हे नमूद करतो) आणि हात झटकत आले तसे गेले. तुम्ही बशीतला चहा बशीतच ठेवून म्हणालात, "हा कॅमेरा लई खराब आहे, माणूस ओळखू येत नाही."

बरं, नसेल ओळखू आला.

आता वर्गणीचं. तुमचा मुद्दा मला पाठ आहे. "घरपट्टी भरतो, परत तुम्हाला शंभर रुपये कशाला?" कायद्याने तुमचं बरोबर आहे. नगर परिषदांच्या 1965 च्या अधिनियमात कलम 49 आहे. रस्त्यावरचा दिवा आणि रस्त्याची झाडलोट ही कर्तव्यं तिथे लिहिलेली आहेत. घंटागाडी येतेच. पण गाडी गेल्यावर दिवसभर जे साठतं आणि रात्री जे फिरतं, त्यासाठी आपण आपल्यापुरतं काही करावं, एवढाच आमचा उद्योग. चव्वेचाळीस घरं, घरटी शंभर रुपये. त्यात मावशींची झाडलोट, शेजारच्या दोन गल्ल्यांशी मिळून ठेवलेला रात्रीचा राखणदार आणि कॅमेऱ्याच्या सिमचा रिचार्ज. सगळ्यांनी दिले तर चव्वेचाळीसशे जमतात. जमतात एकोणतीसशे. उरलेले कोण घालतं, हे मी इथे लिहीत नाही, घरात वाचतील.

या चांदवडात एके काळी होळकरांची टांकसाळ होती. चांदवडी रुपया लांबवर चालायचा. आज त्याच गावात, रंगमहालाच्या खालच्या अंगाला, तीन मजली घरातून शंभराची नोट निघता निघत नाही.

तुमचे चिरंजीव टोरांटोत आहेत. त्यांनी पाठवलेले तिथल्या रस्त्यांचे फोटो तुम्ही पारावर सगळ्यांना दाखवता. "बघा, कागदाचा कपटा नाही!" त्यांना एकदा विचारा. त्याच शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज म्हणून एक बाजारपेठ आहे. भुयारी रेल्वे आली, मोठे मॉल झाले, रस्त्यावरचं गिऱ्हाईक पळालं. तेव्हा 1970 साली तिथल्या दुकानदारांनीच महापालिकेला सांगितलं, की आमच्यावर जादा आकार बसवा आणि तो सगळ्यांकडून पट्टीसारखा वसूल करा, म्हणजे कोणाला फुकट बसता येणार नाही. पुढे जगभर असे विभाग झाले. आपल्याकडे मुंबईत 1997 पासून 'एएलएम' नावाने गल्लीगल्लीत समित्या निघाल्या, पण त्यांच्याही हातात सक्ती नाही, रहिवाशांची मर्जी तेवढी आहे. आमच्या हातात तर एक पावती पुस्तक आणि माझी चप्पल. ती तुमच्या पायरीवर झिजली.

शंभर रुपये गेले खड्ड्यात, अण्णा. मला खरं बोलायचंय ते मावशींबद्दल.

मागच्या महिन्यात डीपीखालच्या पिशवीत फुटलेला बल्ब होता. पिशवी कुत्र्यांनी फाडलेली. मावशी ते सगळं सुपलीत भरत होत्या आणि काच बोटात शिरली. पदराचं टोक गुंडाळून त्या तशाच झाडत राहिल्या, कारण पुढे अजून दोन गल्ल्या होत्या. मी तुमच्याकडे आलो. म्हटलं, निदान या महिन्याचे द्या, त्यांना हातमोजे घेऊ. तुम्ही म्हणालात, "तिला आमच्याकडून शिळी भाकरी असते की रोज."

ही शिळी भाकरी आपल्याला सुटत नाही! गावाची झाडलोट आणि रात्रीची जागल शेकडो वर्षं ठरावीक जातींच्या माणसांकडून करून घेतली. ज्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, त्यांच्याकडून. बदल्यात काय, तर बलुत्याचा वाटा आणि दारातली भाकरी. कनिष्ठ वतनं 1958 च्या कायद्याने गेली. आपल्या डोक्यातली कुठे गेली? झाडणाऱ्या बाईला पगार द्यायचा म्हटलं की तुम्हाला लुबाडल्यासारखं होतं. चिरंजिवांच्या फोटोतला रस्ता झाडणाऱ्याला तिथे शिळी भाकरी देत असतील का हो? लाज वाटायला हवी, तुम्हालाही आणि तुमच्यापुढे "असू द्या अण्णा" म्हणून परत फिरलेल्या मलाही.

असो. रागात लिहून गेलो. खोडत नाही.

राखणदाराला तुम्ही 'झोपाळू' म्हणता. म्हातारा आहे, झोपतो.

आता त्याच रात्रीचं थोडं आधीचं फुटेज. ते तुम्ही गेल्यावर मी एकट्याने पाहिलं. नळाला पाणी यायची रात्र होती. दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही पाइप ओढत गल्ली ओलांडलीत आणि आजींच्या दारातल्या निळ्या पिंपात सोडलात. आजींचं दार बंद होतं. पिंप भरेपर्यंत तुम्ही त्यांच्या पायरीवर बसलात, पाइप पायाच्या अंगठ्याने दाबून धरलेला, मधूनमधून डुलकी. मग मी मागच्या रात्री काढून पाहिल्या. पाण्याची जी जी रात्र सापडली, त्या प्रत्येक रात्री तुम्ही आहात. आजी मला वर्गणी देताना म्हणतात, "पिंप आपोआप भरतं बाई, देवाची कृपा." त्यांना खरंच माहीत नाही.

1986 च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन इथे भरलं, तेव्हा लाखाच्या वर बाया आल्या आणि आपण पाण्याची पिंपं वाहिली, ही तुमची गोष्ट मी दर गणपतीत ऐकतो. इतकी वर्षं वाटायचं, अण्णा थापा मारतात. आता वाटत नाही.

पण मग मला सांगा, दोनला पिंप भरणारा माणूस पाच वाजून बाराला डीपीखाली पिशवी का ठेवतो? गाडी नऊला येते, तोवर पिशवी तुमच्याच जिन्याखाली ठेवली तर काय बिघडतं? मी तीन दिवस विचार करतोय. मला उत्तर येत नाही.

मोटर गेल्यापासून आजींचं पिंप अर्धंच भरतंय. समितीला त्यात काही करता येत नाही. नळाला लावायच्या मोटरीसाठी वर्गणी काढली, असं पावतीवर लिहू कसं? म्हणून पावतीवर 'किरकोळ' लिहून मी घरोघर फिरतोय. सतरा घरांनी दिले. मावशींनी पन्नास दिले. मी घेत नव्हतो, त्यांनी पावती पुस्तकात नोट खोचून ठेवली.

तुमची पावती फाडून ठेवली आहे. क्रमांक 31.

आपला,
चिटणीस, खजिनदार आणि वसुली कारकून

ता. क. कॅमेऱ्याचा रिचार्ज शुक्रवारी संपतोय.