दोन डीओ सीटांपैकी एक निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

आपल्या मुलीला अमेरिकेतल्या दोन ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळाला असेल, तर आधी अभिनंदन आणि लगोलग सांत्वन. एकच सीट मिळाली असती तर पेढे वाटून विषय संपला असता. एकही मिळाली नसती तर निदान खापर कोणावर फोडायचं हे ठरलेलं होतं (एमकॅटच्या आदल्या महिन्यात काढलेलं मामेभावाचं लग्न). दोन मिळाल्या की निवड करावी लागते, आणि आपल्याकडे अशी कामं मुलांवर सोपवायची पद्धत नाही. म्हणून हे मार्गदर्शन पालकांसाठी आहे. जिला प्रवेश मिळाला आहे तिनेही वाचायला हरकत नाही, मात्र मध्ये बोलू नये.

सुरुवात नातेवाइकांपासून करावी, कारण फोन त्यांचाच पहिला येतो. पुण्याहून येणारा प्रश्न ठरलेला आहे: "डीओ म्हणजे हाडवैद्य का गं?" चिडू नये. उत्तर पाठ करून ठेवावं आणि ते मिनिटभरात आटपावं. त्यापुढे व्हिडिओ कॉलवर आजींचं फक्त कपाळ दिसू लागतं. उत्तर असं: अमेरिकेत एमडी आणि डीओ या दोन्ही पदव्यांनी माणूस पूर्ण डॉक्टर होतो, औषधं लिहितो, ऑपरेशन करतो, पन्नासही राज्यांत परवाना मिळवतो. युरोपात किंवा भारतात स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणारे, नुसत्या हातांनी उपचार करणारे लोक वेगळे. एवढं ऐकूनही पलीकडून "म्हणजे एमडी नाही मिळालं" असा सुस्कारा आला, तर व्हाइट हाउसचं अस्त्र काढावं. 2018 पासून ट्रम्प यांचे डॉक्टर असलेले शॉन कॉनली डीओ होते आणि त्यांच्यानंतर आलेले बायडन यांचे डॉक्टर केविन ओकॉनर हेही डीओच. हे अस्त्र एका घरावर एकदाच चालवावं. दुसऱ्यांदा चालवलं की मुलीचं कॉलेज बाजूला राहतं आणि काका ट्रम्पवर घसरतात.

थोडा इतिहासही गाठीशी असावा. डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुलं 1864 मध्ये मेंदूज्वराने गेली. तेव्हाच्या औषधशास्त्रात पारा, अफू आणि रक्तस्राव करवणं हेच मुख्य उपाय होते. स्टिल यांचा त्यावरचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्यांनी आपला वेगळा विचार जाहीर केला आणि 1892 मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल या गावी पहिली शाळा काढली. पहिल्या वर्गात स्त्रियाही होत्या. हे शेवटचं वाक्य महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात आवर्जून सांगावं, छान छाप पडते. कॅलिफोर्नियाची गोष्ट मात्र घरातच ठेवावी. 1962 च्या सुमारास तिथल्या डीओंना 65 डॉलर फी भरून आपली पदवी बदलून एमडी करून घेता आली, आणि दोनेक हजार जणांनी तशी बदलून घेतली. पुढे 1974 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डीओंना पुन्हा परवाने देण्याचा मार्ग मोकळा केला. 65 डॉलरची योजना आता बंद आहे. वडिलांनी चौकशी करू नये.

आता मुख्य विधी. एका शनिवारी सकाळी पोहे झाल्यावर वडिलांनी लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये तक्ता मांडावा. आडवी दोन कॉलेजं, उभे निकष, शेजारी प्रत्येक निकषाचं वजन. निकष साधारण असे असतात: घरापासूनचं अंतर, थंडी, विमानतळ, पटेल ब्रदर्सचं भारतीय किराणा दुकान किती मैलांवर, इमारत नवी की जुनी, आणि आपल्या ओळखीत तिथे कोणी शिकलंय का. तक्ता पूर्ण झाल्यावर बेरीज लांबच्या कॉलेजाच्या बाजूने येते. आई म्हणते, "अंतराचं वजन कमी धरलंयस." वजन वाढवलं जातं. बेरीज जवळच्या कॉलेजाच्या बाजूने येते. मुलगी म्हणते, "बाबा, दॅट्स नॉट हाउ वेट्स वर्क." इथे पहिला चहा घ्यावा.

चहाच्या वेळी कोणीतरी हमखास क्रमवारी विचारतं. डीओ कॉलेजांच्या बाबतीत क्रमवारीने फारसं काही हाती लागत नाही, पण शेजारच्या काकूंना आकडा हवा असतो. त्यांना संस्थेचं वय सांगावं. फिलाडेल्फियाचं कॉलेज 1899 चं, डेस मॉइनचं 1898 चं. सव्वाशे वर्षं म्हटलं की आपल्या लोकांना बरं वाटतं. फ्लोरिडातल्या नोव्हा साउथईस्टर्न विद्यापीठाच्या कॉलेजाला तर डॉ. किरण पटेल यांचंच नाव आहे, इतकी मोठी देणगी त्यांनी दिली. यावर मंडळात "आपल्यातलं कोणी का देत नाही?" अशी चर्चा निघते. ती गणपतीच्या वर्गणीपर्यंत पोचायच्या आत विषय बदलावा.

कॉलेज अगदी नवं असेल तर मात्र वय गमतीत घेऊ नये. या कॉलेजांची मान्यता सीओसीए ही संस्था बघते, आणि पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत नव्या कॉलेजाला पूर्ण मान्यता मिळत नाही. म्हणजे तिथे गेलेल्या मुलांना आधीच्यांचा निकाल बघून ठरवायची सोय नसते, कारण आधीचे कोणी नसतातच. असं कॉलेज वाईटच असतं असं नाही. पण "आमची मॅच लिस्ट लवकरच येत आहे" हे वाक्य माहितीपुस्तकात वाचून हुरळून जाण्यासारखंही काही नाही.

मॅच लिस्ट वाचायलाही शिकावं लागतं. कोणाला कुठे रेसिडेन्सी (पदवीनंतरचं इस्पितळातलं प्रशिक्षण) मिळाली याची ही यादी दर मार्चमध्ये निघते आणि कॉलेज तिच्यातली तीन नावं मोठ्या टायपात छापतं. त्या तिघांकडे बघू नये. 'प्रिलिमिनरी' असं लिहिलेल्या किती जागा आहेत ते मोजावं. ती एका वर्षाची सोय असते, पुढची जागा वेगळी मिळवावी लागते. एकूण चित्र आता बरं आहे. 2020 पासून एमडी आणि डीओंच्या रेसिडेन्सींची मान्यता एकाच छत्राखाली आली, आणि 2024 मध्ये शेवटच्या वर्षातल्या डीओ विद्यार्थ्यांपैकी 92.3 टक्क्यांना जागा मिळाली. एमडींचा आकडा 93.5 होता. हे आकडे आजींना जरूर सांगावेत. मुलीला न्यूरोसर्जरी किंवा डर्मटॉलॉजी करायची असेल तर तिला ते सांगून शांत करायला जाऊ नये. सरासरीत या शाखांतली दमछाक दिसत नाही, आणि ती तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

परीक्षांचंही विचारून घ्यावं. डीओ विद्यार्थ्याला कॉमलेक्स द्यावीच लागते, आणि चुरशीच्या शाखांकडे डोळा असेल तर बहुतेक जण एमडींची यूएसएमएलईही देतात. 2022 पासून दोन्हींचा पहिला टप्पा नुसता पास-नापास झाला, त्यामुळे सगळं वजन दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर आलं. तयारीला सलग मोकळे आठवडे कोणतं कॉलेज देतं, हा प्रश्न पटेल ब्रदर्सच्या आधी एक्सेलमध्ये जायला हवा होता.

आता ती ओळ, जी एकाही तक्त्यात नसते: तिसरं वर्ष.

पालक कॉलेज बघायला जातात तेव्हा त्यांना शवविच्छेदनाची चकाचक लॅब, काचेची लायब्ररी आणि मागे झाडी दाखवतात. हे लग्नाचा हॉल ठरवताना स्टेज बघून यावं आणि स्वयंपाकघर राहून जावं तसं आहे. लॅबमध्ये दोनच वर्षं जातात. पुढची दोन वर्षं इस्पितळात काढायची असतात, आणि पुष्कळ डीओ कॉलेजांचं स्वतःचं इस्पितळ नसतं. ती वेगवेगळ्या गावांतल्या इस्पितळांशी आणि खासगी डॉक्टरांशी करार करतात आणि तिसऱ्या वर्षी मुलांची तिकडे पाठवणी करतात. कोण कुठे जाणार हे काही ठिकाणी लॉटरीने ठरतं. न्यू जर्सीतल्या आईने घरापासून चाळीस मिनिटांवर म्हणून निवडलेल्या कॉलेजातली मुलगी दोन राज्यं ओलांडून अशा गावी पोचू शकते, जिथे उत्तम भारतीय जेवण म्हणजे पेट्रोल पंपावरचे समोसे.

म्हणून तिथे फिरवून आणणाऱ्या विद्यार्थ्याला गाठावं. ही मुलं नव्या ब्लेझरमध्ये, उलटं चालत बोलत असतात. आईने प्रेमाने विचारावं: "बाळा, तिसऱ्या वर्षी तुला कुठे पाठवणार?" तो "वी हॅव अ व्हेरी डायव्हर्स नेटवर्क ऑफ साइट्स" म्हणाला तर सावध व्हावं. त्याने एका गावाचं नाव घेतलं आणि तिथला वॉर्ड कसा आहे ते सांगितलं तर बरं लक्षण. पुढचे प्रश्न: वर्षभर एकाच ठिकाणी राहता येतं का, की दर चार आठवड्यांनी खोली सोडायची? त्या इस्पितळात रेसिडेन्ट आहेत का? रेसिडेन्ट असलेल्या वॉर्डात विद्यार्थी टीममध्ये उभा राहतो, रात्री दाखल झालेल्या पेशंटची हकीकत सांगतो, चुकतो, सुधारतो. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात कधी फारच छान शिकायला मिळतं आणि कधी दिवसभर त्याच्यामागे उभं राहून प्रिंटरचा आवाज ऐकावा लागतो. राहायची सोय कोण करतं? एखादं रोटेशन (एका विभागातली काही आठवड्यांची पाळी) ऐन वेळी रद्द झालं तर दुसरं कोण शोधतं, कॉलेज की विद्यार्थी? शेवटच्या प्रश्नावर ब्लेझरवाला चालायचा थांबला, तर उत्तर मिळालं असं समजावं.

ऑस्टिओपॅथीचे हातांनी करायचे उपचार हा निवडीचा निकष होऊ शकत नाही, कारण ते सगळीकडेच शिकवतात, दोनशेच्या आसपास तास. वर्गमित्रच एकमेकांचे पेशंट होतात आणि त्यासाठी शॉर्ट्स घालून टेबलावर पडावं लागतं, हे आजींना सांगू नये. दिवाळीत घरी आलेली मुलगी वडिलांच्या मानेला हात लावेल. लावू द्यावा. कट्ट असा आवाज येतो, वडील आठवडाभर सगळ्यांना तो आवाज ऐकवून दाखवतात आणि डीओबद्दलच्या त्यांच्या उरल्यासुरल्या शंका त्यात फिटतात.

उरला पैसा, आणि त्यात विनोदाला फार जागा राहिलेली नाही. खासगी डीओ कॉलेजांची नुसती फी बहुतेक ठिकाणी वर्षाला पन्नास हजार डॉलरांच्या वर गेली आहे. राहणं-खाणं धरून चार वर्षांत तीन लाख सहज ओलांडतात. पूर्वी साध्या सरकारी कर्जात न मावणारी रक्कम ग्रॅड प्लस या दुसऱ्या सरकारी कर्जातून भागायची. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ते कर्ज बंद झालं. व्यावसायिक शिक्षणाला सरकारी कर्ज वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाखांपर्यंतच. वरचे पैसे खासगी बँकेकडून घ्यायचे, म्हणजे बहुधा वडिलांच्या सहीने. तेव्हा दोनपैकी एक सीट आपल्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठातली असेल (न्यू जर्सीत रोवन, मिशिगनमध्ये मिशिगन स्टेट, ओहायोत ओहायो विद्यापीठ, टेक्सासच्या रहिवाशांना तर फोर्ट वर्थचं कॉलेज खासगीच्या मानाने फारच स्वस्त पडतं) आणि तिसऱ्या वर्षाची उत्तरंही बरी मिळाली असतील, तर माझ्या मते शनिवारची बैठक पोह्यांवरच संपवावी. सैन्यात काही वर्षं सेवा द्यायची तयारी असेल तर फी सैन्य भरतं, पण हा पर्याय आईसमोर काढणारा माणूस घरात टिकत नाही.

एवढं होऊनही काही घरं दोन्हीकडे डिपॉझिट भरून बसतात, कारण एका एमडी कॉलेजाची वेटलिस्ट अजून हलेल अशी आशा असते. हलूही शकते. पण डिपॉझिट सहसा परत मिळत नाही, आणि धरून ठेवलेल्या सीटपायी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी फोन हातात घेऊन बसलेली असते. नको असलेली सीट सोडायचं पत्र मुलीने स्वतः लिहावं, दोन ओळींचं. वडिलांनी त्याला एक्सेल जोडू नये.

निवड झाली की गाडीचं बघावं. रोटेशन कुठेही लागलं तरी पहाटे पाचला वॉर्डात पोचायचं तर गाडी हवी, आणि मेडिकल कॉलेजपेक्षा या विषयावर घरात खरे तज्ज्ञ आहेत. जुनी कोरोला की जुनी सिव्हिक, यासाठी नवीन शीट उघडावी. पुण्याहून काकांना कॉलवर घ्यावं. या वेळी मुलीलाही बोलू द्यायला हरकत नाही. तिला फक्त रंग विचारावा.