रावणाची मुंडकी आणि काकू

अंगकोरच्या तिकिटावर तुमचा फोटो छापतात. सदतीस डॉलर मोजताना जो चेहरा होतो तोच त्यात येत असल्यामुळे आमचा सगळा गट तिकिटांवर घरफोडी झाल्यासारखा दिसत होता.

बांतेय स्रेईला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. इ. स. ९६७ मधलं हे शिवालय बांधवून घेतलं यज्ञवराह नावाच्या राजगुरूने. राजाचा हात नाही, म्हणून आकार बेताचा. पण लालसर वालुकाश्मावर इंचभर जागा कोरी सोडलेली नाही. गाभाऱ्याचं दार जेमतेम मीटरभर उंच. "बरं आहे, वाकल्याशिवाय दर्शनच नाही," म्हणत काकू दोरीच्या अलीकडूनच वाकल्या. सरळ करायला काका लागले.

पुढे कैलास हलवणारा रावण. काकूंनी मुंडकी मोजायला घेतली. त्यांची बारा भरली, काकांची आठ. गाइडने सरासरी दहा मान्य करून सगळ्यांना वर बघायला लावलं. कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर. तळाशी हत्ती नि सिंह एकमेकांचं वैर विसरून पळताहेत, मधे ऋषींची गडबड उडालीय, आणि शिखरावर पार्वती शंकराला घट्ट बिलगलीय. शंकर मात्र निवांत.

"आमच्या वेरूळला हेच आहे. आठव्या शतकातलं!" काकांनी गाइडला सुनावलं.

"तुम्ही पाहिलंय?" गाइडने आदराने विचारलं.

"जायचंय एकदा."

मागच्या गोपुरावर वाली-सुग्रीव भिडलेले नि राम बाण ओढून तयार. तिथे वालीला तसं मारणं योग्य की अयोग्य, यावर आमच्यात दोन तट पडले. वालीची बाजू घेणाऱ्यांना सावलीतली जागा मिळाल्यामुळे ती बाजू बराच वेळ टिकली.

तेवढ्यात गाइडने आंद्रे मालरोची गोष्ट काढली. १९२३ साली या फ्रेंच तरुणाने इथल्या देवता भिंतीतून कापून पळवल्या. पकडला गेला, खटला चालला, शिक्षा झाली. अपिलात ती कमी होऊन स्थगितही झाली. पुढे तो मोठा लेखक झाला आणि १९५९ मध्ये फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" काका कडाडले.

"पण मूर्ती परत आल्या ना?" काकूंनी विचारलं. आल्या होत्या, पुन्हा बसवल्याही होत्या. काकूंनी मोबाइलवर एक देवता मोठी करून पाहिली. जड कुंडलांनी खाली ओढलेल्या कानाच्या पाळ्या, कमरेवर सैलसर नेसण, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग मोबाइल पर्समध्ये टाकत म्हणाल्या,

"काही म्हणा, मेल्याला पारख होती."