कोप्पीची सायकल आणि आपला नवरा

हे मार्गदर्शन मिलानमध्ये किंवा आसपास राहणाऱ्या, आयुष्यात कधी पान्हा हातात न धरलेल्या, तरी नवऱ्याच्या पन्नाशीला त्याला जुनी इटालियन रेसिंग सायकल नवी करून द्यायचीच असं ठरवून बसलेल्या बायकांसाठी आहे. ज्यांच्या नवऱ्याचं घड्याळावर भागतं, त्यांनी पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

सुरुवात सायकलपासून नाही, नवऱ्यापासून करा. त्याचं माप घ्या. त्याला विचारण्यात अर्थ नाही, कारण पुरुष उंची चढवून सांगतात. पुढच्या भारतवारीत पँटी शिवायच्या आहेत असं सांगून त्याला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक पार वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. आलेल्या आकड्याला ०.६५ नं गुणलं की फ्रेमचं साधारण माप मिळतं. ८० सेंटिमीटर आले तर ५२ ची फ्रेम. बाजारात मात्र समोर येईल ती ५८ ची, विलक्षण देखणी, आणि विकणारा शपथेवर सांगेल की सीट खाली घेतली की झालं. होत नाही.

बाजार म्हणजे महिन्याच्या शेवटच्या रविवारी नावील्यो ग्रांदे कालव्याच्या काठी भरतो तो. तिथं रंगावर भाळू नका. हँडलखालच्या नळकांड्याला जिथं फ्रेमचे दोन दांडे येऊन मिळतात, तिथं खालून बोट फिरवा. रंगाला बारीक सुरकुती लागली तर ती सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे. कौतुक करून पुढे चला. दांड्यावर पोलादी नळ्या बनवणाऱ्या कोलंबसचा कागद आणि मागच्या चाकाच्या खाचेवर सुटे भाग बनवणाऱ्या कंपान्योलोचं नाव ठोकलेलं दिसलं तर थांबायला हरकत नाही. बिआंकी असेल तर नवरा खूशच होईल, कारण त्याला १९४९ सालची गोष्ट पाठ असते: फाउस्तो कोप्पीनं बिआंकीवर एकाच वर्षी जिरो आणि टूर दि फ्रान्स या दोन्ही शर्यती मारल्या. ती गोष्ट तुम्हालाही पाठ आहे, कारण प्रत्येक पाहुण्याला तो ती सांगतो.

खर्चाचं मनाला लावून घेऊ नका. व्हित्तोरियो दे सीकाच्या १९४८ च्या सिनेमातली ती चोरीला गेलेली सायकल सगळ्यांना आठवते. ती गहाणातून सोडवण्यासाठी घरातल्या चादरी गहाण ठेवल्या त्या बायकोनं, हे कुणी सांगत नाही. आणि नवऱ्यानं ती कामाच्या पहिल्याच दिवशी घालवली. तेव्हा एक दणकट कुलूप याच हिशेबात धरा.

लपवायची कुठं, हा प्रश्न इटलीत सुटलेलाच आहे. जुन्या इमारतींत बहुतेक फ्लॅटबरोबर तळघरातली एक कांतीना मिळते आणि भारतातून आणलेल्या मोठ्या बॅगा एकदा तिथं टाकल्या की नवरा त्या दिशेला फिरकत नाही.

आता उघडायला घ्या. चाकं काढायला पान्हा लागत नाही, खटका उलटा केला की चाक हातात. हा खटका विचेन्झाच्या तुल्लिओ कंपान्योलोचा. म्हणतात की १९२७ मध्ये शर्यतीत, डोंगरात, थंडीनं बोटं बधिर झालेली असताना त्याला चाकाचे नट सुटेनात, आणि तिथून हे डोक्यात आलं.

यानंतर सोपं काही नाही. सीटचा दांडा अॅल्युमिनियमचा, फ्रेम पोलादाची. चाळीस वर्षं घाम आणि पाऊस मुरला की दोघं एकमेकांना धरून बसतात. हातोडा मारलात तर फ्रेमचीच चीर फाटेल. मुरणारं तेल सोडा, फ्रेम उलटी टांगून खालूनही सोडा, रोज थोडं हलवून बघा आणि हललं नाही तर बोलू नका, उद्या या. अमोनियानं लवकर सुटतं, पण वरच्या मजल्यावरची सिन्योरा नाक दाबून खाली येते आणि गुपित तिच्यापाशी गेलं की संध्याकाळपर्यंत नवऱ्यापाशी जातं.

मग बीबी, म्हणजे पायडलांचा दांडा जिच्यात फिरतो ती जागा. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ इंग्लिश सायकलींचे असतात आणि त्यांत चेनच्या बाजूच्या कपाला, म्हणजे छर्ऱ्यांच्या वाटीला, उलटे आटे असतात. इटालियन सायकलीला दोन्ही बाजूंना सुलटे. व्यास ३६ मिलिमीटर, आटे मात्र इंचाला २४. अर्धं मेट्रिक, अर्धं ब्रिटिश, कुणी विचारलं तर खांदे उडवायचे. व्हिडिओवर विसंबून पान्हा फिरवलात तर कप सुटायच्या ऐवजी आणखी आवळत बसाल. या सुलट्या आट्यांची दुसरी खोड अशी की पायडल मारता मारता उजवा कप आपोआप सैल होतो. बसवताना अंगाचा सगळा भार टाकून आवळा.

आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असेल. रॉकेल, जुना टूथब्रश, फडकं. छर्रे पाव इंची, प्रत्येक बाजूला ११; जुने मोजून ठेवा, पण परत घालू नका, सगळे नवे घ्या. कपात नवं ग्रीस भरून एकेक छर्रा चिमट्यानं दाबत गेलात की शेवटी एका छर्ऱ्याला पुरणार नाही एवढीच फट उरते. ती भरायची नसते. मग दांडा बोटानं फिरवून बघा: खरखर लागली तर जास्त आवळलंय, डुगडुगला तर कमी. या दोन्हींमधली जागा सापडेपर्यंत जेवणाची वेळ टळून जाते आणि त्याचं काही वाटत नाही. हे धोक्याचं लक्षण आहे. काही जणींनी इथं पोहोचल्यावर सायकल स्वतःलाच ठेवून घ्यावीशी वाटल्याचं कबूल केलंय.

रंगाला हात लावू नका. बिआंकीचा तो हिरवट निळा वर्षागणिक बदलत गेलाय, कधी निळ्याकडे झुकलेला, कधी हिरव्याकडे. नेमकी छटा जुळवायला निघालात तर साठावा वाढदिवस उजाडेल. ओरखडे पुसून मेण लावा.

आता खरा वाद. सत्तरच्या दशकातल्या रेसिंग सायकलीला पुढे ५२ आणि ४२ दात्यांच्या चकत्या आणि मागे जास्तीत जास्त २४-२६ दाते. कंपान्योलोचा त्या काळचा न्युओव्हो रेकॉर्ड डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारा भाग, याहून मोठी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दात्यांचा गठ्ठा, पेलतच नाही. हे गणित कोप्पीच्या वारसदारांसाठी होतं. तुमचा नवरा लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर थांबून फोन बघतो. आणि जायचंय त्याला गिझाल्लोला: बेल्लाजिओहून सुमारे साडेआठ किलोमीटरचा चढ, काही ठिकाणी १४ टक्क्यांचा, आणि वर सायकलस्वारांच्या मातेचं छोटं देऊळ, आत कोप्पीची आणि त्याचा प्रतिस्पर्धी बार्ताली याची सायकल टांगलेली. माझं मत विचाराल तर लांब पिंजऱ्याचा जपानी डिरेलर बसवा, मागे मोठी फ्रीव्हील घाला. इटालियन सायकलीवर जपानी भाग म्हटल्यावर जाणकार छातीवर क्रूस काढतील. जुनेपणा दिसण्यात ठेवायचा, गुडघ्यात नाही.

याच न्यायानं रिमवर चिकटवायचे ट्युब्युलर टायरही नकोत. तीन-तीन हात गोंद लावा, वाळू द्या, आणि पंक्चर झालं की रस्त्यात अख्खा टायर उपटा. नवरा फोन करून तुम्हालाच बोलावील. साध्या ट्यूब-टायरची ७०० सी चाकं लावा. हँडलचा दांडा त्यावरच्या खुणेपर्यंत वर घ्या, खुणेच्या पलीकडे नाही. चिनेल्लीचं जुनं हँडल २६.४ मिलिमीटरचं असतं, ते २६ च्या दांड्यात कोंबू नका.

द्यायच्या दिवशी तो आधी दोन्ही ब्रेक दाबेल, मग खाली वाकेल आणि म्हणेल, "हा डिरेलर कंपान्योलोचा नाहीये." उत्तर तयार ठेवा: मूळचा तेल लावून डब्यात ठेवलाय, गिझाल्लो न उतरता चढलास की बसवून देते. मग तो पान्हा मागेल. देऊ नका.