सीडी टाका, आपोआप सुरू होईल

नांदेडला एमआरआय किंवा सीटी स्कॅन केला की फिल्म, टाइप केलेला रिपोर्ट आणि पाकिटात घातलेली एक सीडी हातात पडते. पाकिटावर पुष्कळदा इंग्रजीत एक सूचना छापलेली असते: सीडी ड्राइव्हमध्ये टाका, ती आपोआप सुरू होईल. माझी तक्रार या सूचनेबद्दल आहे. आजच्या बहुतेक कॉम्प्युटरांवर ती खरी ठरत नाही आणि त्याचा भुर्दंड वसमतच्या पेशंटला पडतो.

वसमतहून नांदेड चाळीसेक किलोमीटर. माझ्या मावशीचं कमरेचं दुखणं असं की एसटीत बसणं हीच शिक्षा. तरी ती गेली, स्कॅन करून आली आणि गावातल्या दवाखान्यात सीडी दिली. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीत मणक्याचा प्रत्येक छेद असतो आणि उजेड-अंधार कमीजास्त करून तो बघता येतो, म्हणून डॉक्टरांना सीडीच हवी होती. कंपाउंडरने ती ड्राइव्हमध्ये घातली. दिवा लुकलुकला, ड्राइव्ह घरघरला आणि शांत झाला. पडद्यावर काहीच आलं नाही. "मावशी, सीडी खराब दिसते. दुसरी आणा," असं सांगण्यात आलं. दुसरी म्हणजे पुन्हा नांदेड.

सीडी चांगली होती. घरी आणून ड्राइव्हचं फोल्डर हाताने उघडलं आणि सगळी चित्रं दिसली. एका दुखणाईत बाईला पुन्हा ऐंशी किलोमीटरचा फेरा सांगितला गेला, तो केवळ एक खिडकी आपोआप उघडली नाही म्हणून. मला हे किरकोळ वाटत नाही.

'आपोआप' ही सोय विंडोज ९५ बरोबर १९९५ साली आली. सीडीच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरच्या आत नव्हे, 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाची छोटी फाइल ठेवायची आणि कुठला प्रोग्राम चालू करायचा ते तिच्यात लिहायचं. सीडी आत गेली की विंडोज ती फाइल वाचायचं आणि कोणाला न विचारता तो प्रोग्राम चालवायचं. स्कॅनच्या सीडीत चित्रं बघण्याचा व्ह्यूअर असतो, तोही याच वाटेने उघडावा अशी बनवणाऱ्यांची अपेक्षा असते.

पण न विचारता चालणं हाच धोका होता. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर किड्याने पेनड्राइव्हवर हीच फाइल टाकून जगभरातली कॉम्प्युटरं बाधित केली. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही वाट बंद झाली आणि २०११ च्या फेब्रुवारीत एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसाच अपडेट आला. सीडीला सूट राहिली, पण व्हिस्टापासून विंडोज तिच्याबाबतीतही आधी विचारतं. बंद केलं ते योग्यच केलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते सीडी देणाऱ्यांबद्दल. इतकी वर्षं लोटली तरी त्यांनी पाकिटावरची सूचना बदललेली नाही.

आता दवाखान्यात बसलेल्या माणसाने काय करायचं? विंडोज १० मध्ये सीडी घातल्यावर कोपऱ्यात एक पाटी येते, या डिस्कचं काय करायचं असं विचारते आणि थोड्या वेळात निघून जाते. समोर पेशंट बसलेला असताना ती कोण बघणार? त्यात कोणी पूर्वी 'टेक नो अ‍ॅक्शन' निवडलं असेल तर तीच निवड पुढच्या सीडींनाही लागू होते. ती बदलायला सेटिंग्जमधल्या डिव्हायसेसमध्ये जाऊन ऑटोप्ले उघडायचं. तिथे सगळं ठीक असूनही पाटी येत नसेल तर सर्व्हिसेसच्या यादीत 'शेल हार्डवेअर डिटेक्शन' चालू आहे का ते बघायचं. त्यापुढची पायरी रजिस्ट्री. तिच्यात 'नोड्राइव्हटाइपऑटोरन' या नोंदीची किंमत दशमान पद्धतीने २५५ असेल तर सगळंच बंद, १८१ असेल तर सीडी आणि पेनड्राइव्ह बंद, १४५ असेल तर सीडीला मोकळीक. दवाखान्यातल्या माणसाने हे शिकावं असं मी म्हणत नाही. हे त्याच्या गळ्यात पडू नये एवढंच म्हणतो.

ड्राइव्हचंही ऐकून घेतलं पाहिजे. नव्या लॅपटॉपमध्ये तो नसतोच, म्हणून बाहेरचा यूएसबीवर चालणारा लावतात. यूएसबी २ च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळायचा असतो. सीडी फिरवायला कधी तो पुरत नाही आणि ड्राइव्ह नुसता टकटक करतो. अशा वेळी तो थेट कॉम्प्युटरच्याच पोर्टला लावावा. मध्ये हब नको. दुसरं म्हणजे सीडी वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, त्यामुळे एकच ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो आणि सीडीला नकार देतो, असं खरोखर घडतं. आणि धूळ. हळदीच्या हंगामात वसमतच्या बाजारपेठेत पॉलिशची बारीक पूड सगळीकडे बसते, भिंगावरही बसते. तरी हे सगळं तपासण्याआधी एक गोष्ट करावी: 'धिस पीसी' उघडून ड्राइव्हच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबून 'ओपन' म्हणावं. आत फाइली दिसल्या तर ड्राइव्हही धड आहे आणि सीडीही.

आत साधारण 'डायकॉमडिर' नावाची एक फाइल असते. डायकॉम ही वैद्यकीय चित्रांची जगभर मान्य असलेली पद्धत आहे आणि ही फाइल म्हणजे त्या चित्रांची अनुक्रमणिका. तिला शेपूट नसल्यामुळे डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं, कशात उघडू? इथे पुष्कळ जण हात टेकतात. तिच्या शेजारची 'डॉट ईएक्सई' फाइल म्हणजे व्ह्यूअर, तो चालवायचा. तो संथ चालत असेल तर सबंध सीडी डेस्कटॉपवर उतरवून घ्यावी. एकटा व्ह्यूअर उतरवला तर चित्रं मागेच राहतात.

लग्नाच्या डीव्हीडीचं दुखणं याच घरातलं. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजमधून काढली. डीव्हीडी फिरते, फोल्डर उघडतं, आत 'व्हिडिओ टीएस' दिसतं, चित्र मात्र नाही. लोकांना वाटतं कॅसेटवाल्याने फसवलं. व्हीएलसी टाकलं की तीच डीव्हीडी सुरळीत चालते. पण लग्न आठवड्याने बघितलं तरी चालतं, मणका नाही.

म्हणून स्कॅन सेंटरांकडे माझी मागणी साधी आहे. पाकिटावर मराठीत छापा: "सीडी आपोआप सुरू न झाल्यास ती खराब समजू नका. ड्राइव्ह उघडा आणि या नावाच्या फाइलवर डबल क्लिक करा." फाइलचं खरं नाव तिथे लिहा. आणि सीडी हातात देण्याआधी ज्या कॉम्प्युटरवर ती बनवली तो सोडून दुसऱ्या एखाद्यावर उघडून बघा.

तोवर वसमतहून जाणाऱ्यांनी एक रिकामा पेनड्राइव्ह बरोबर न्यावा आणि काउंटर सोडण्याआधी सबंध सीडी त्यात उतरवून मागावी. काउंटरवरच्यांनी नकार दिला तर निदान त्यांच्या पडद्यावर ती उघडून दाखवायला सांगावं आणि कुठल्या फाइलवर क्लिक केलं ते नाव पाकिटावर पेनने लिहून घ्यावं. सीडीवर नको; टोकदार पेनाचा दाब वरच्या पातळ थराला ओरखडा पाडतो आणि खालची चित्रं जातात.